अंदमानातले पहिले तीन दिवस: लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर

अंदमानला जाणारी बरीच मराठी कुटुंबं सहा-सात दिवसांची सहल आखतात आणि पहिल्या दोन दिवसांतच सगळ्यांना दमवून टाकतात. पहिल्या खेपेला आम्हीही तेच केलं. एप्रिल महिना होता. मध्यरात्री पुण्यातलं घर सोडलं, चेन्नईला विमान बदललं, दुपारी बाराच्या सुमाराला उतरलो, खोलीत सामान टाकलं, चार घास पोटात ढकलले आणि अडीच वाजता सेल्युलर जेलच्या आवारात हजर. चार वर्षांचा मुलगा तिथल्या एका पायरीवर जाऊन बसला. एरवी हा पोरगा मिनिटाला तीन प्रश्न विचारतो. तो अगदी गप्प झाला होता. गाल लालबुंद, ओठ सुकलेले, पाण्याची बाटली पुढे केली तर मान फिरवायचा. आम्हाला वाटलं, झोप अनावर झाली असेल. अर्ध्या तासात त्याला उलटी झाली. पुढचा दीड दिवस बंद खोलीत त्याला चमच्याचमच्यानं ओआरएस पाजण्यात गेला आणि हॅवलॉक बेटाची बोट सोडून द्यावी लागली.

दुसऱ्यांदा जानेवारीत गेलो तेव्हा सासूबाईही बरोबर होत्या. वय अडुसष्ट, रक्तदाबाची गोळी चालू. या वेळी पहिले तीन दिवस पूर्णपणे वेगळे आखले. सातही दिवस कुणाचं डोकंसुद्धा दुखलं नाही. ते तीन दिवस कसे आखायचे, तेवढंच इथे सविस्तर सांगते. कुठे काय बघायचं याची माहिती हवी तेवढी मिळते, पण अंगाला बेटाची सवय कशी लावायची हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

घड्याळ आपलं, सूर्य पूर्वेचा

हे एक गणित समजलं की बाकी सगळं सोपं होतं. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावर बेतलेली आहे. मुंबई आहे 73 अंशांच्या जवळपास, तर पोर्ट ब्लेअर 92.7 अंशांवर. रेखांशाच्या दर अंशाला सूर्य 4 मिनिटं लवकर, म्हणजे मुंबईपेक्षा तिथला सूर्य सव्वा तासाहून जास्त पुढे. मे महिन्यात पाचच्या आधीच उजाडतं. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि साडेपाचला काळोख. भर दुपार म्हणजे सूर्य डोक्यावर येण्याची वेळ सव्वाअकरा-साडेअकराची.

आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की अकरा ते चार ऊन टाळायचं. तिथे हा हिशेब चुकतो. तिथले सकाळचे साडेनऊ म्हणजे आपल्याकडचे पावणेअकरा. नाश्ता करून, आवरून, आरामात दहाला बाहेर पडलात की तुम्ही ऐन कडाक्यात सापडलात. म्हणून नियम असा ठेवा: पहाटे पाच ते नऊ बाहेर, साडेनऊ ते अडीच सावलीत किंवा खोलीत, तीन ते साडेपाच पुन्हा बाहेर. रात्री नऊला सगळ्यांनी आडवं व्हायचं.

दुसरी गोष्ट दमटपणाची. विदर्भातला माणूस म्हणतो, आम्ही पंचेचाळीस अंश काढतो, तिथल्या एकतीस-बत्तीसचं काय घेऊन बसलात! कोरड्या हवेत घाम लगेच उडतो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. अंदमानच्या हवेत इतकी वाफ असते की घाम उडतच नाही, नुसता निथळतो. पाणी आणि मीठ अंगातून जातं, गारवा मात्र मिळत नाही. रत्नागिरी-मालवणच्या माणसाला याची सवय असते. पुणे, नाशिक, नागपूर, संभाजीनगरच्या माणसाला नसते. शरीर नव्या उष्म्याला रुळायला आठवडा-दोन आठवडे घेतं. सहा दिवसांच्या सहलीत ते पूर्ण रुळणारच नाही. निदान पहिले दोन-तीन दिवस त्याच्यावर एकदम भार टाकू नये.

निघण्याआधीच्या आठवड्यात

महिना निवडायला वाव असेल तर जानेवारी ते मार्च उत्तम. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी पाऊस, आणि पाठोपाठ डिसेंबरपर्यंत ईशान्येचा. एप्रिलमध्ये समुद्र शांत असतो, पण उष्मा जास्त. शाळेच्या सुट्टीमुळे एप्रिल-मे हाच पर्याय असेल तर पुढचं सगळं दुप्पट काटेकोरपणे पाळा.

नावांचा गोंधळ आधीच मिटवून घ्या. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप आणि रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, ही नावं डिसेंबर 2018 पासूनची. तिकिटावर एक नाव आणि रिक्षावाल्याच्या तोंडी दुसरं, असं सर्रास होतं. सासूबाईंना मी सगळी नावं एका चिठ्ठीवर लिहून दिली होती.

निघायच्या तीन-चार दिवस आधीपासून घराचं वेळापत्रक पुढे सरकवा. मुलांना नऊऐवजी आठला झोपवा, सकाळी पाचला उठवा. शाळेच्या गडबडीत हे कठीण जातं, पण याचा उपयोग पहिल्या सकाळीच कळतो.

आजी-आजोबांच्या डॉक्टरांकडे एक फेरी मारा आणि नेमकं विचारा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, घामाच्या दिवसांत त्यांचा डोस तोच ठेवायचा का? मूत्रपिंडाचा त्रास असेल तर शहाळ्याचं पाणी किती चालेल? त्यात पोटॅशियम भरपूर असतं, काही औषधांबरोबर ते जड पडू शकतं. मधुमेह असेल तर ओआरएस कसं घ्यायचं? सासूबाईंच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सगळं लिहून दिलं. बोट लागण्यावरची गोळी आणि तिचा मुलांसाठीचा डोसही याच फेरीत लिहून घ्या.

आता सामान. कपडे सुती, सैल, फिक्या रंगाचे आणि पूर्ण बाह्यांचे. जीन्स एकही नको, ती भिजली की दोन दिवस वाळत नाही. प्रत्येकाला रुंद काठाची टोपी, आणि दोन छत्र्या. मुलांसाठी पोहायचे पूर्ण बाह्यांचे टी-शर्ट, कारण अंगाला लावलेलं सनस्क्रीन समुद्रात लवकर धुऊन जातं. सनस्क्रीन 30 किंवा त्याहून जास्त एसपीएफचं. बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावायचं आणि दर दोन तासांनी पुन्हा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन नको, त्याला सावलीच हवी. प्रत्येकाला टाचेला पट्टा असलेले रबरी सँडल, कारण साधी चप्पल पाण्यात पायातून निसटते. मोठे पातळ पंचे चार. जाड टॉवेल हॉटेलात ठेवा, पंचा पिळून पाच मिनिटांत वापरता येतो.

खाण्याचं सामान थोडं, पण विचार करून घ्या. आमच्या पिशवीत मेतकूट, भाजलेले पोहे, राजगिऱ्याच्या वड्या, गूळ, सैंधव आणि आमसुलं होती. रात्रभर भिजवलेली आमसुलं सकाळी कुस्करून, गूळ-मीठ-जिरं घालून एका बाटलीत भरायची. मुलं साधं पाणी प्यायला कंटाळतात तेव्हा हे आनंदानं पितात.

ओआरएसची पाकिटं इथूनच न्या, माणशी चार तरी. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते बघा. खोक्यातली गोड, फळांच्या चवीची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं, छोटं 200 मिलिलिटरचं. अर्धं पाकीट पेल्यात टाकून अंदाजानं पाणी घालू नका, प्रमाण बिघडलं की उपयोगाऐवजी अपाय होतो. पाकीट संपलंच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ.

पहिला दिवस: काहीही बघायचं नाही

मुंबई-पुण्याहून बहुतेकदा चेन्नई, कोलकाता, बंगळुरू किंवा हैदराबादला विमान बदलावं लागतं. चेन्नईहून पुढचा प्रवास साधारण दोन तासांचा. विमानात खिडकीची जागा मिळाली तर उतरण्याआधी हिरव्यागार बेटांभोवती पाण्याच्या निळाईच्या किती छटा दिसतात ते मुलांना जरूर दाखवा. त्या दिवसाचं प्रेक्षणीय स्थळ तेवढंच.

विमानतळाला वीर सावरकरांचं नाव आहे, तिथून शहर अगदी जवळ. दार उघडून बाहेर आलात की ओल्या चादरीत गुंडाळल्यासारखी हवा अंगाला चिकटते. इथेच प्रत्येकानं अर्धी बाटली पाणी प्यायचं, तहान असो वा नसो. लहान मुलांना तहान कळते तेव्हा आधीच उशीर झालेला असतो आणि म्हाताऱ्या माणसांची तहानेची जाणीवच मंदावलेली असते.

खोलीत पोहोचल्यावर एसी सव्वीस-सत्तावीसवर ठेवा. अठरावर ठेवून दुपारभर झोपलात तर बाहेर आल्यावर उष्मा दुप्पट वाटतो. साध्या पाण्यानं अंघोळ, दही-भातासारखं हलकं जेवण आणि दोन तास झोप. पोर्ट ब्लेअरमध्ये बंगाली आणि दाक्षिणात्य दोन्ही प्रकारचं जेवण सहज मिळतं, त्यामुळे भात-वरण-भाजी किंवा इडलीसाठी वणवण करावी लागत नाही. मासे खाणाऱ्यांची तर चंगळ, पण पहिल्या दिवशी तिखट-तळलेलं टाळा.

साडेतीनला उठा. बाहेर पडून पहिलं काम शहाळं. अंदमानातली बरीच शहाळी केशरी सालीची असतात. विक्रेता पाणी पिऊन झालं की कोयत्यानं शहाळं दुभंगतो आणि सालीचाच एक तुकडा तासून चमचा करून देतो. माझा मुलगा तो चमचा दोन दिवस खिशात घेऊन हिंडत होता. शहाळ्याच्या पाण्यात मीठ कमी असतं, म्हणून खूप घाम गेला असेल तर बरोबर दोन-चार खारे शेंगदाणे किंवा चिमूटभर सैंधव द्या. नंतर मरीना पार्कच्या बाजूला समुद्राकाठी तासभर सावकाश फिरा. काळोख पडेल तेव्हा घड्याळात सहासुद्धा वाजलेले नसतील. मुलं विचारतील, एवढ्यात रात्र कशी झाली. त्यांना रेखांशाचं गणित सांगायला यापेक्षा चांगली जागा नाही.

सातला जेवण, नऊच्या आत झोप. झोपण्याआधी दाराखिडक्या बघून घ्या आणि डास पळवणारं मलम लावा. या बेटांवर मलेरिया आणि डेंगी दोन्ही होतात.

एक काम मात्र याच संध्याकाळी उरका: रोख रक्कम काढून ठेवा. 2020 मध्ये समुद्राखालची ऑप्टिकल फायबर केबल आल्यापासून पोर्ट ब्लेअरमध्ये इंटरनेट बरंच सुधारलं आहे, पण हॅवलॉक आणि नीलवर काही ठिकाणी फोन लागत नाही आणि एटीएम मोजकी आहेत. मोबाइलवरून पैसे देता येतील या भरवशावर राहू नका.

दुसरा दिवस: जेल सकाळी

पहाटे पाचला उठून किनाऱ्यावर. कॉर्बिन्स कोव्ह शहरापासून जवळ आहे. पहिल्या सकाळी पाण्यात घोट्यापर्यंतच, बाकी वेळ नारळीच्या सावलीत. साडेसातला परत येऊन भरपेट नाश्ता करा.

सेल्युलर जेल उघडायच्या वेळेलाच दारात उभे राहा. वेळ आणि साप्ताहिक सुट्टी आदल्या दिवशी हॉटेलात विचारून घ्या. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या या तुरुंगाला मधल्या मनोऱ्यातून निघणाऱ्या सात शाखा होत्या, आज तीन उभ्या आहेत. विनायक दामोदर सावरकरांना जुलै 1911 मध्ये इथे आणलं गेलं आणि 1921 पर्यंत ते इथे होते. त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर, टोकाला आहे. मराठी माणसाचे पाय आपोआप तिकडे वळतात आणि तिथे गर्दीही असते. आजी-आजोबा बरोबर असतील तर आधी वर जाऊन कोठडी बघा, ऊन चढायच्या आत. मग खाली येऊन दालनांतली छायाचित्रं आणि साखळदंड बघा, तिथे सावली असते. मधलं पटांगण उघडं आहे, तिथे तापत्या उन्हात उभं राहून माहिती ऐकत बसू नका. पहिल्या खेपेला आमची चूक झाली ती नेमकी इथेच.

दुसऱ्या खेपेला सासूबाई त्या कोठडीच्या गजांना धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मी घाई केली नाही, कारण सव्वानऊच झाले होते. त्यांनी माझ्या मुलीला जवळ बोलावलं आणि विचारलं, “इथून समुद्र दिसतो का गं तुला?” मुलीनं मागच्या उंच झरोक्याकडे बघितलं आणि म्हणाली, “नाही आजी, नुसतं आभाळ दिसतं.” असा निवांतपणा मिळावा म्हणूनच हे सगळं वेळापत्रक.

साडेदहाला बाहेर पडा आणि सरळ खोलीवर या. जेवण, झोप, पत्ते, गोष्टी. संध्याकाळी जेलच्या आवारात ध्वनी-प्रकाश कार्यक्रम असतो. तिकीट सकाळीच काढता येतं का ते विचारून ठेवा. उघड्यावर बसायचं असतं, त्यामुळे पाणी, पंखा आणि डासांचं मलम बरोबर घ्या. मूल दमलेलं असेल तर एकानं त्याच्यापाशी थांबावं. दोघांपैकी एकाचा कार्यक्रम चुकला तरी चालेल.

ऊन लागतंय हे कसं ओळखायचं

बडबडं मूल गप्प झालं, पाणी नको म्हणू लागलं, विनाकारण किरकिर करू लागलं, तर ती पहिली खूण. मोठ्या माणसाला डोकेदुखी, पोटऱ्यांत गोळे, मळमळ, उठताना भोवळ. लघवीचा रंग रोज बघा, मुलांचाही. फिकट असेल तर ठीक, गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. मुलानं सहा तासांत लघवी केली नसेल तर डॉक्टर गाठा.

असं काही दिसलं की फिरणं तिथल्या तिथे थांबवा. सावली, कपडे सैल, ओल्या पंच्यानं मान, काखा, जांघा पुसायच्या, वारा घालायचा आणि ओआरएस घोटघोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्यानं सुरू. तासाभरात उतार पडला नाही तर वाट न बघता डॉक्टर गाठा. आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, शुद्ध हरपू लागली, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. तोंडात पाणी ओतायचं नाही, अंगावर पाणी मारत वारा घालत राहायचं आणि 112 ला फोन. पोर्ट ब्लेअरमध्ये जी. बी. पंत हे मोठं सरकारी रुग्णालय आहे. हॅवलॉक-नीलवर आरोग्य केंद्रं आहेत, पण मोठ्या उपचारांसाठी पोर्ट ब्लेअरलाच यावं लागतं. ही गोष्ट मनात ठेवूनच तिथले बेत करा.

घामोळं मुलांना हमखास येतं. पावडरचे थर देऊ नका, त्यानं घामाची छिद्रं आणखी बुजतात. दिवसातून दोनदा साध्या पाण्यानं अंघोळ, अंग टिपून कोरडं आणि सैल सुती झबलं.

तिसरा दिवस: बोट

आता शरीर थोडं रुळलेलं असतं, म्हणून हॅवलॉकची बोट तिसऱ्या दिवशी. उतरल्या दिवशीच बोट धरायला सांगणारे बेत बरेच मिळतात, मुलं बरोबर असतील तर ते नाकारा. विमानाला उशीर झाला की बोट जाते, हा धोका वेगळाच.

खासगी वेगवान बोटीला दीड-दोन तास लागतात, सरकारी बोटीला त्याहून जास्त. तिकिटं निघण्याआधीच काढा, मोसमात ती लवकर संपतात. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र हाताशी ठेवा, मुलांचंसुद्धा. तासभर आधी जेटीवर पोहोचा. सकाळची पहिली बोट निवडा, दुपारच्या मानानं तेव्हा समुद्र बहुधा शांत असतो. हवा बिघडली तर बोटी रद्द होतात, त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदला दिवस पोर्ट ब्लेअरमध्येच काढायचा, हा माझा ठाम आग्रह आहे.

बोट लागू नये म्हणून रिकाम्या पोटी बसू नका आणि तुडुंब जेवूनही नको. केळं, इडली, कोरडी पोळी पुरे. गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला, बोट हलल्यावर नव्हे. जागा मधली आणि खालची. मोबाइल, पुस्तक बंद, नजर लांब क्षितिजावर. आल्याची वडी चघळायला दिली तर मुलांचं लक्षही गुंततं.

हॅवलॉकला उतरलात की गावांची नावं ऐका: गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारनं इथे जमिनी देऊन वसवलं, त्यांची ही गावं. हिंदी सगळ्यांना येतं, माणसं अगत्याची आहेत. त्या दुपारी खोलीतच थांबा. अडीच-तीनला राधानगरच्या किनाऱ्याकडे निघा. तो पश्चिमेकडे तोंड करून आहे, सूर्यास्त तिथलाच बघावा. परतीचं वाहन जातानाच ठरवून ठेवा, कारण अंधार झपकन पडतो आणि किनारा जेटीपासून लांब आहे. दुसऱ्या पहाटे काळापत्थरचा किनारा, तो पूर्वेचा.

पाण्यात उतरण्याआधी

पहिली गोष्ट मगरींची. या बेटांभोवती खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. 2010 मध्ये राधानगरजवळच्या नील्स कोव्ह इथे एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही, पण किनाऱ्यावरची पाटी वाचल्याशिवाय पाऊल टाकू नका. खाडीचं तोंड, खारफुटी, ओढा समुद्राला मिळतो ती जागा पूर्ण वर्ज्य. पहाटे फटफटण्याआधी आणि तिन्हीसांजेनंतर पाण्यात नको. जीवरक्षक जिथे असतील तिथेच, ते सांगतील तेवढंच.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. उधाण (मोठी भरती) आणि भांग (छोटी भरती) तिथेही तसेच: अमावास्या-पौर्णिमेला पाणी खूप चढतं, खूप उतरतं, अष्टमीच्या आसपास थोडं. पण तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब तिथे लावू नका, वेळा वेगळ्या आहेत. हॉटेलात रोज विचारा. नीलचा नैसर्गिक खडकपूल बघायचा तर ओहोटीच हवी, आणि पोहायचं तर ओहोटीत खडक-प्रवाळ उघडे पडतात म्हणून भरती बरी. ओढणाऱ्या प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला या.

मेलेल्या प्रवाळाच्या कडा ब्लेडसारख्या असतात. कापलं तर भरपूर स्वच्छ पाणी आणि साबणानं धुऊन, कण राहिला नाही ना ते बघून पोव्हिडोन आयोडीन लावा. ही जखम दमट हवेत लवकर चिघळते, त्या दिवशी पुन्हा समुद्रात नको. वाळूत बारीक माश्या असतात, त्या चावलेल्या लगेच कळत नाही, रात्री मात्र खाज सुटते. वाळूवर थेट लोळू नका, चटई घाला, पायांना खोबरेल तेल चोळा आणि मुलांची नखं कापून ठेवा.

या तीन दिवसांत काय टाळायचं

बाराटांग बेटाची सफर पहिल्या दिवसांत नकोच. भल्या पहाटे निघून ताफ्यात गाडी लावायची, दिवसभर प्रवास, लहान मुलाचे हाल. माझं मत त्याहून स्पष्ट आहे: तो रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव प्रदेशातून जातो. तिथे थांबायला, फोटो काढायला, काही द्यायला कायद्यानं बंदी आहे. तरी गाडीतून माना वळवून माणसं शोधणारे पर्यटक असतात. मुलांना घेऊन मला त्या गाडीत बसावंसं वाटलं नाही. ज्यांना जायचं असेल त्यांनी मुलांना आधी नीट समजावून सांगावं.

स्कूबा, समुद्राखाली चालणं वगैरे चौथ्या दिवसानंतर, अंगात त्राण आल्यावर. शेवटचा डाइव्ह आणि परतीचं विमान यांत पूर्ण एक दिवस मोकळा हवा.

शंख, प्रवाळ, शिंपले किनाऱ्यावरून उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली यातल्या अनेकांना संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासलं जातं. दुकानातून काही घेतलं तर पावती जपा. मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगा, आणि निघायच्या आदल्या रात्री त्यांचे खिसे, वाळूच्या बादल्या, बुटांची टोकं उलटी करून बघा. माझ्या मुलीच्या टोपीच्या घडीत एक पांढरा शंख निघाला. पहाटे आम्ही दोघी किनाऱ्यावर जाऊन तो ठेवून आलो. तिनं त्याचं तोंड पाण्याकडे केलं.

घरी परतल्यावर महिनाभरात कुणालाही थंडी वाजून ताप आला, तर साधा ताप म्हणून गोळी घेऊन बसू नका. दवाखान्यात गेल्या गेल्या डॉक्टरांना आधी सांगा की आम्ही अंदमानला जाऊन आलो, आणि मलेरियाची तपासणी करून घ्या.